घर दाखवण्याआधीचा हिशेब

डिलाईल रोडवरून पहिले घर शोधायला निघालेले जोडपे आपल्यापैकी कुणाच्या टेबलासमोर येते, तेव्हा आकडा ठरलेला असतो. "चाळीस लाख बसतंय," असे ते सांगतात. हे 'बसणे' बँकेने पगाराची स्लिप, फॉर्म सोळा आणि सिबिल पाहून काढलेले असते. आपण तो आकडा डायरीत लिहून घेतो, त्यात आणखी दहा मिळवतो आणि रविवारी डोंबिवली किंवा नालासोपाऱ्यात तीन फ्लॅट दाखवायचे ठरवतो. एजंट असो, गृहकर्जाच्या फायली करणारा असो किंवा कामगारांच्या पतपेढीतला सचिव असो, आपल्या व्यवसायातली सगळ्यात मोठी चूक इथेच, पहिल्या दहा मिनिटांत होते, असे या मासिकाचे ठाम मत आहे. आपले पैसे परत येतील का, एवढेच बँक पाहते. पुढची वीस वर्षे ते घर कसे चालेल हे पाहणे तिचे काम नाही. ते आपले काम आहे आणि ते पहिला फ्लॅट दाखवण्याआधी व्हायला हवे.

या भागातल्या कुटुंबांना याची गरज अधिक का आहे, ते नीट समजून घेऊ. डिलाईल रोडवरच्या, म्हणजेच आजच्या ना. म. जोशी मार्गावरच्या, बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. इथे त्यांच्या ३२ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. आसपासच्या खासगी चाळींमध्ये पागडी. या खोल्यांचे भाडे इतके नाममात्र की राहण्याला दरमहा खर्च असतो, याचा अनुभवच तिथल्या दोन-तीन पिढ्यांना नाही. ज्याने महिन्याला पंचवीस हजार भाडे भरले आहे, त्याला तीस हजारांचा हप्ता कुठे टोचेल हे साधारण कळते. चाळीतल्या मुलाला ते कळण्याची सोय नाही. त्याचा सगळा पगार आजवर राहण्याचा खर्च वजा न होता घरी आलेला आहे. म्हणून त्याला हप्ता झेपेल असे वाटते, आणि बँकेच्या गणितातही तो झेपतोच.

उदाहरण घेऊ. पन्नास लाखांचा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला फ्लॅट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते, म्हणजे चाळीस लाख. उरलेले दहा लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क ठिकाणाप्रमाणे सहा ते सात टक्के. सात धरले तर साडेतीन लाख. घर बाईच्या नावावर असेल तर त्यात एक टक्का सवलत, आणि ती सांगायला आपल्यातले कितीतरी जण आजही विसरतात. नोंदणी फी तीस हजार. पुनर्विक्रीचा फ्लॅट असेल तर सोसायटीचे हस्तांतर शुल्क पंचवीस हजारांपर्यंत, आणि आपली दलाली एक टक्का धरली तरी पन्नास हजार. बेरीज साडेचौदा लाखांच्या वर गेली, आणि अजून खिडकीला जाळी बसलेली नाही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर पाच टक्के जीएसटी वेगळा; पंचेचाळीस लाखांच्या आणि साठ चौरस मीटरच्या आतल्या घराला एक टक्का.

आता हे साडेचौदा लाख येतात कुठून? इथला प्रत्येक अनुभवी माणूस हे जाणतो आणि फायलीत लिहीत नाही. थोडी बचत असते. पीएफमधून काही निघते. बायकोचे दागिने सोनेतारणात जातात. चाळीतल्या भिशीचा नंबर पुढे ओढून घेतला जातो. महापालिकेत, बेस्टमध्ये किंवा गोदीत कामाला असलेला भाऊ नाहीतर वडील आपल्या नोकरीतल्या पतपेढीचे कर्ज काढतात. यातले बरेचसे सिबिलमध्ये दिसतही नाही. बँकेसाठी हप्ता एकच असतो, घरात मात्र तीन हप्ते सुरू होतात. पहिली तीन-चार वर्षे ती ओढाताण अशी असते की एक आजारपण किंवा एका नोकरीचा खंड पुरतो. बँकेने मंजूर केले म्हणजे परवडते, असे आपण त्या टेबलावर म्हणतो, तेव्हा हे तीन हप्ते आपल्याला माहीत असतात.

व्याजदराचे तेच. २०२१ मध्ये साधारण सात टक्क्यांनी कर्ज मिळत होते. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ पासून रेपो दर चार टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर नेला आणि गृहकर्जे नऊच्या आसपास गेली. चाळीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा सात टक्क्यांनी हप्ता ३१,०१२ रुपये. नऊ टक्क्यांनी ३५,९८९. बहुतेकांचा हप्ता वाढला नाही, मुदत वाढली, आणि त्यामुळे कुणाला काही कळले नाही. कर्जाच्या सुरुवातीलाच दर सातवरून नऊवर गेला आणि हप्ता ३१,०१२वरच ठेवला, तर फेड व्हायला ४५८ महिने लागतात. अडतीस वर्षे. तिशीत घर घेतलेला माणूस अडुसष्टाव्या वर्षी मोकळा होईल. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्या, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावले. बँकेचे तसे पत्र येते तेव्हा ग्राहक आपल्याला फोन करतो. त्या वेळी 'मुदत वाढवा, त्रास नको' असे सांगणे सोपे आहे. ते सांगू नये. बदलत्या दराच्या कर्जात आधी पैसे भरायला दंड नसतो, तेव्हा दरवर्षी बोनसमधून एखादा हप्ता जास्तीचा भरा, हे सांगावे.

देखभालीच्या खर्चाबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण याच गिरणगावातल्या माणसांना तो धडा फार महागात मिळाला आहे. २०१६ साली गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी पनवेलजवळ कोन इथल्या २,४१७ घरांची सोडत निघाली. ३२० चौरस फुटांचे घर, किंमत सहा लाख. मुंबईच्या परिसरात यापेक्षा स्वस्त पक्के घर मिळणे अवघडच होते. ताबा रखडला, मधल्या काळात ती घरे करोनाच्या विलगीकरणासाठी वापरली गेली, दुरुस्ती लांबली. आणि शेवटी ताबा आला तेव्हा देखभालीची मागणी आली, वर्षाला चाळीस हजारांच्या वर, म्हणजे महिन्याला सुमारे साडेतीन हजार. निवृत्त कामगार, विधवा, तुटपुंज्या कमाईची मुले. त्यांनी विरोध केला नसता तरच नवल होते. सहा लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साडेपाच हजारांच्या आत बसतो. देखभाल त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश. हप्ता वीस वर्षांनी संपतो, देखभाल संपत नाही, वाढतच जाते. किंमत स्वस्त असूनही घर परवडत नाही, असे होऊ शकते, आणि आपल्या जाहिरातींत छापलेला एकच आकडा, किमतीचा, हे सांगू शकत नाही. पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस, चार लिफ्ट असलेल्या संकुलात तिशीतल्या जोडप्याला छोटा फ्लॅट विकताना दर चौरस फुटाला महिन्याची देखभाल किती, हे पहिल्या भेटीत सांगितले पाहिजे.

हाच प्रश्न उद्या ना. म. जोशी मार्गावर उभा राहणार आहे. बीडीडी पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मोफत मिळते. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्याही गेल्या. फार चांगली गोष्ट आहे. पण एका खोलीवर एकच घर मिळते आणि खोलीत दोन-तीन भावांचे संसार असतात. म्हणजे डिलाईल रोडवरचा पहिले घर घेणारा ग्राहक बहुधा धाकटा किंवा मधला भाऊ असतो. त्याचा खरा हिशेब खोली कुणाच्या नावावर, इथून सुरू होतो. थोरला खोली ठेवणार आणि धाकट्याला काही रक्कम देणार, असे तोंडी ठरलेले असते. ती रक्कम त्याच्या मार्जिनमध्ये धरलेली असते आणि घर मिळाल्यावर देऊ म्हणून ती दोन वर्षे लांबते. तोवर दागिने सोनेतारणात अडकून पडतात. अशा कुटुंबाला आधी वकिलाकडे पाठवा, भावाभावांत लेखी होऊ द्या, मग फ्लॅट दाखवा. त्यात तुमचा महिना जाईल. जाऊ द्या.

पागडीच्या खोलीबद्दलही एवढेच बजावतो: त्यावर बँका साधारणपणे गृहकर्ज देत नाहीत, आणि ती विकताना मालकाचा वाटा, बहुतेक ठिकाणी तिसरा हिस्सा, आधी वजा होतो. 'आईची पागडी विकून घेऊ' असे म्हणणाऱ्याला हातात येणारी रक्कम लिहून द्या.

सरकारी मदत कुठे लागू पडते, हेही आपल्याला पाठ हवे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, पस्तीस लाखांपर्यंतच्या घरासाठी पंचवीस लाखांपर्यंत कर्ज घेतल्यास, १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान आहे. या भावात लोअर परळला काही मिळत नाही, पण बदलापूर, टिटवाळा, विरारकडे मिळू शकते. अट एकच अडते: कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नको. डिलाईल रोडवरच्या निम्म्या घरांची मुळे कोकणात किंवा घाटावर आहेत. गावच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव कुणाचे आहे, हे अर्ज करण्याआधी पाहायचे.

आणि स्टेशनचे बोलणे राहिले. डिलाईल रोडला एका बाजूला लोअर परळ, दुसऱ्या बाजूला करी रोड, म्हणून पश्चिमेकडची आणि मध्य मार्गावरची दोन्ही दारे इथल्या माणसाला उघडी वाटतात. पण आई-वडील खोलीतच राहणार असतात, आणि बाळ झाले की ते त्यांच्याकडे ठेवायचे असते. दोघांपैकी कुणाचे ऑफिस कुठे, सासर कुठे, आजी कोणत्या गाडीने येऊ शकेल, हे विचारल्याशिवाय लाइन सुचवू नका. पाळणाघराचे सात-आठ हजार हेही घराच्याच खर्चात धरा.

आपल्या मिळकतीची रचना या सगळ्याच्या आड येते, हे उघड बोलायला हवे. दलाली किमतीवर टक्क्याने मिळते आणि कर्ज आणून देणाऱ्याला कर्जाच्या रकमेवर. ग्राहकाने पाच लाख कमी खर्च केले तर आपले नुकसान होते. कर्जाबरोबर एकरकमी विमा खपवला तर काही जणांना त्यातही वाटा असतो. तो सक्तीचा नाही, साधा मुदतीचा विमा बहुधा स्वस्त पडतो, हे आपण सांगत नाही. यावर एक मार्ग आहे: सल्ल्याची वेगळी, ठरलेली फी घ्या, आणि 'आता घेऊ नका, दोन वर्षे भाड्याने राहा' या सल्ल्याचीही घ्या. चाळीतल्या माणसाला दोन वर्षांचे भाडे हा खरे तर सगळ्यात उपयोगी सराव आहे. हप्त्याएवढी रक्कम दरमहा बाजूला काढून, देखभालीसह, संसार चालतो की नाही हे त्यात त्याचे त्यालाच कळते.

एजंटांसाठी महारेराने परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे केले, हे चांगले झाले. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, चटई क्षेत्रावरच किंमत सांगायची, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अभ्यासक्रमात ग्राहकाचे अंदाजपत्रक मांडण्याचा एक धडा घालावा, अशी मागणी हे मासिक महारेराकडे करत आहे. आणि वाचकांपैकी जे असा कागद आधीपासून वापरतात, त्यांनी तो आमच्याकडे पाठवावा. त्यात मार्जिनचे पैसे नेमके कुठून येणार, याचा रकाना असावा, पतपेढीचे कर्ज आणि भिशी धरून. मासिक देखभालीचा रकाना किमतीच्या शेजारी असावा. दर दोन टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती, हेही त्यात असावे. आलेल्या नमुन्यांतून एक चांगला तयार करून तो मराठीत, ग्राहकाला घरी नेता येईल असा, आम्ही छापू.