विषाणू परत का येतो?

घरचा संगणक मंद चालू लागला, पेन ड्राइव्हमधील फोल्डर दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी इवलेसे शॉर्टकट दिसू लागले, म्हणजे विषाणू शिरला हे आपण ओळखतो. मग दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाते. तो संगणक ‘फॉरमॅट’ करतो, पैसे घेतो आणि जातो. पंधरा दिवसांनी तीच लक्षणे! पुन्हा दुरुस्तीवाला, पुन्हा फॉरमॅट. या फेऱ्यात कुणाचा दहावीचा प्रकल्प पुसला जातो, कुणाच्या घरातील दहा वर्षांची छायाचित्रे जातात. बोलणी मात्र बहुधा मुलांनाच खावी लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, माझे स्पष्ट मत असे आहे, की विषाणूचे परत येणे ही नुसती कटकट नव्हे. ती मोलाची माहिती आहे. तो परत येतो, त्याअर्थी कोठून तरी येतो. ते ठिकाण न शोधता केलेली सफाई म्हणजे छप्पर गळत असताना जमीन पुसत बसणे होय.

हिवतापाचे उदाहरण घ्या. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी आढळले आणि रोग कोणत्या वाटेने येतो, याचा धागा हाती लागला. पण बरा झालेला ताप परत येण्याची कारणे दोन असू शकतात. एक, नवा डास चावणे. दुसरे, व्हायवॅक्स जातीचे परोपजीवी यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, डास न चावताही, ताप उलटतो. ताप सारखाच, पण उपाय निराळे! संगणकाचेही नेमके असेच आहे.

आत दडलेल्या विषाणूचा विचार आधी करू. फॉरमॅट करताना पुष्कळदा फक्त ‘सी’ हा विभाग पुसला जातो. गाणी, छायाचित्रे, जुने गेम आणि सॉफ्टवेअर ‘डी’ विभागात तसेच राहतात. सॅलिटीसारखा विषाणू तर आज्ञावलीच्या, म्हणजे ‘ईएक्सई’ प्रकारच्या फाइलींनाच चिकटतो. ‘डी’ मधला जुना गेम पुन्हा सुरू केला, की सारे मुळपदावर!

बाहेरून येण्याच्या वाटा तीन. पहिली, हातोहात फिरणारी साधने. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू सव्वापाच इंची फ्लॉपीवरून देशोदेशी पोहोचला. आज फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली आहे. दुसरी वाट न बुजवलेल्या त्रुटींची. विंडोजमधील एका त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ रोजी दिली होती. त्याच त्रुटीतून शिरणारा ‘कॉन्फिकर’ आला त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये. तरीही लाखो संगणक त्याला बळी पडले, कारण तेथे ती दुरुस्ती बसवलेलीच नव्हती! तिसरी वाट चोरीच्या सॉफ्टवेअरची. ‘क्रॅक’ चालवण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना त्यासोबत पुष्कळदा असते. पहारेकऱ्याला झोपवून मगच आत येऊ पाहणारा पाहुणा कसा असेल, हे का सांगायला हवे?

आता वाट शोधायची कशी? लंबकाचा प्रयोग आठवा. दोऱ्याची लांबी बदलताना आपण गोळा बदलत नाही. एका वेळी एकच बदल! येथेही तेच करा. छायाचित्रे व लेखी फाइली वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. आज्ञावल्या मात्र घेऊ नका. मग सर्व विभाग पुसून अधिकृत ठिकाणाहून घेतलेली कार्यप्रणाली बसवा आणि तिच्या सर्व दुरुस्त्या घ्या. आठ दिवस काहीही जोडू नका, नवे सॉफ्टवेअर घालू नका. तरीही विषाणू दिसला, तर संशय ज्या साधनावरून कार्यप्रणाली बसवली त्याच्यावर जातो. न दिसला, तर एकेक वस्तू तपासून जोडा आणि वहीत नोंदवा : तारीख, काय जोडले, कोठून आले, तपासणीत काय आढळले. चार-सहा नोंदींत बहुधा चोरवाट सापडते. ती झेरॉक्सच्या दुकानातून परतणारा पेन ड्राइव्ह असेल, तर त्या कामासाठी एक वेगळाच पेन ड्राइव्ह ठेवावा.

‘चांगला अँटीव्हायरस विकत घेतला म्हणजे झाले,’ असे काही जण म्हणतील. अँटीव्हायरस हवाच, परंतु त्यालाही मर्यादा आहेत. कोणतीही आज्ञावली विषाणू आहे की नाही, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी पद्धत असूच शकत नाही, हे फ्रेड कोहेन या संशोधकाने १९८० च्या दशकात गणिताने दाखवून दिले. उत्तम पहारेकरीही कधीतरी चुकणारच; म्हणून दारे किती आणि कोठे, हे घरच्यांना ठाऊक हवे.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. शाळेच्या संगणकात विषाणू सापडला, की ‘कोणी आणला?’ असा दरडावून प्रश्न विचारला जातो. त्याने एकच गोष्ट साधते : पुढच्या वेळी मुले लपवतात आणि विषाणू निर्धास्तपणे फिरतो. साथीच्या रोगात रुग्णाला कोणी अपराधी ठरवत नाही. त्याच्याकडून माहिती मिळवतात. ‘कोणत्या वाटेने आला?’ असे विचारा आणि नोंदवही वर्गाच्या हाती द्या. आणि शाळेतच चोरीचे सॉफ्टवेअर असेल, तर आधी ते काढून टाका. लिनक्स आणि लिबर ऑफिस विनामूल्य मिळतात; शाळेची पुष्कळशी कामे त्यांवर होतात.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तुमच्या घरचा संगणक कोणत्या कार्यप्रणालीवर चालतो आणि तिच्या दुरुस्त्या अजून येतात का? वहीतली पहिली नोंद हीच असू द्या.