नळाला पाणी आलं, तुझे उपकार!

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा पकडली की साधारण तासाभरात केडगाव मागे पडतं. एरवी तेव्हा मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. परवा बॅटरी संपली होती, म्हणून खिडकीबाहेर बघत बसलो आणि आजी आठवली.

आम्ही सोलापूरचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. माझ्या शाळेच्या दिवसांत आमच्याकडे काही दिवसांआड पाणी यायचं, तेही कधीकधी भल्या पहाटे. आजी उठून घागरी, पिंपं सगळं भरायची आणि रात्री घरच्या प्रार्थनेत न चुकता म्हणायची, "बापा, आज नळाला पाणी आलं, तुझे उपकार." मी वैतागायचो. अगं, मधले दिवस नव्हतं त्याचं काय? पण गंमत म्हणजे हीच आजी गल्लीतल्या बायकांबरोबर रिकामा हंडा घेऊन मोर्चालाही जायची!

आपलं कसं असतं? अप्रेझल चांगलं झालं, फ्लॅटचा ताबा मिळाला, ऑनसाइटचं नक्की झालं की मंडळीत उपकारस्तुती. बाकी वर्षभर देवाकडे नुसती तिकिटं टाकायची. हे दे, ते दुरुस्त कर. तिकीट क्लोज झालं की आपण गायब. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटाच परत येतो, तोही परका, शोमरोनी. उरलेले नऊ बहुतेक आपल्यासारखेच 'बिझी' असावेत.

मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. पहिले पंधरा दिवस प्रार्थनेत फक्त गाऱ्हाणी. मंडळीत कुणीतरी म्हणालं, "सगळ्याबद्दल आभार मान." खरं सांगतो, राग आला. नोकरी गेल्याबद्दल कसले आभार? मग घरी पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पत्र काढून बघितलं. तो सगळ्या परिस्थितीत आभार माना म्हणतो, सगळ्या परिस्थितीबद्दल नव्हे. एवढ्याशा फरकाने मला श्वास घेता आला. स्तोत्रसंहितेतही उपकारांच्या शेजारीच गाऱ्हाण्यांची स्तोत्रं आहेत. आजीचा हंडा आणि आजीची प्रार्थना, दोन्ही एकाच घरातली.

म्हणून केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. त्यांचे आई, वडील, बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. 1896-97 च्या दुष्काळात याच बाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या. 1907 साली त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली, तर तिच्या शीर्षकातच 'न संपणारा ठेवा' आहे! 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी सोडलं नाही. ते पूर्ण केलं आणि एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या. ठेवा मोजायची सवय रोजची असेल तरच असल्या दिवसांत ती टिकत असणार. ऐनवेळी डाउनलोड करता येत नाही.

मी आता काय करतो? रात्री झोपायच्या आधी तीन गोष्टी, नावानिशी. "सगळ्याबद्दल धन्यवाद" म्हणणं म्हणजे कमिट मेसेजमध्ये 'मायनर चेंजेस' लिहिण्यासारखं आहे. त्यातून कुणालाच काही कळत नाही. बेकारीच्या दिवसांतल्या एका रात्रीची यादी अशी होती: जुन्या टीममधल्या मित्राने आपणहून रेझ्युमे पुढे पाठवला. आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवली. बाबांनी फोनवर नोकरीचं विचारलं नाही. तीनपैकी एक गोष्ट माणसाची असली तर दुसऱ्या दिवशी त्याला सांगायचं, हा माझा नियम. बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

नोकरी तीन महिन्यांनी लागली. पण ती या यादीमुळे लागली असं मी म्हणणार नाही. देवाला लाच देण्याचा हा प्रकार नाही. एवढंच झालं, की त्या तीन महिन्यांत मी एकटा आहे असं मला वाटलं नाही.

असो. आज रात्री करून बघा. काहीच सुचलं नाही तर उठून नळ सोडून बघा. पाणी आलं? चला, पहिली ओळ झाली!