भरपाई हे अनुदान नव्हे, ऋण आहे

शाळेत बालकांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, की आपल्या क्रांती चौकात निदर्शने होतात आणि ‘फाशी द्या’ ही घोषणा उठते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात रेल्वे रोखणाऱ्या जमावाची मागणीही तीच होती. संताप रास्तच आहे. परंतु त्याचा सारा रोख गुन्हेगारावर असतो. ज्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी हे मुकाट्याने सोसले आणि जे आज प्रौढ आहेत, त्यांचे देणे कोणी द्यावयाचे, हे कोणी विचारीत नाही.

कायदा येथे दुटप्पी आहे. गंभीर लैंगिक गुन्ह्याच्या फिर्यादीस मुदतीचे बंधन नाही. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मात्र, १९६३ च्या मुदत कायद्यानुसार, सज्ञान झाल्यापासून फार तर ३ वर्षांत लावावा लागतो. म्हणजे वयाच्या २१ व्या वर्षी दार बंद! आश्रमशाळेतून निघून वीटभट्टीवर गेलेल्या तरुणाने त्या वयात वकील कोठून आणावा? राज्याची २०१३ ची मनोधैर्य योजना नोंदलेल्या गुन्ह्यावर विसंबते. जुन्या, मूक वेदनेपर्यंत तिचा हात पोचत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण उजेडात आले. अशा अनुदानित शाळांना शासन मुलागणिक परिपोषण अनुदान देते. मुलांच्या संख्येने उत्पन्न वाढते, देखरेखीच्या खर्चाने ते घटते. देखरेखीत वाचविलेला पैसा संस्थेच्या गाठीस राहतो; त्याची किंमत मूल आपल्या देहाने चुकविते. मग मुलांची डोकी मोजून पैसे देणारे शासन जबाबदारीतून सुटते कसे?

आयर्लंडमध्ये धर्मसंघांच्या औद्योगिक शाळा अशाच दरडोई अनुदानावर चालत. १९९९ मध्ये तेथील पंतप्रधानांनी पीडितांची माफी मागितली. २००२ मध्ये कायदा करून खासगीत सुनावणी घेणारे भरपाई मंडळ नेमले गेले. मात्र धर्मसंघांचा वाटा १२.८ कोटी युरोंवर बांधून दिल्यामुळे शंभर कोटींहून अधिक बोजा सरकारी तिजोरीवर, म्हणजेच जनतेवर पडला.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. अशा दाव्यांपुरती मुदतीची अट रद्द व्हावी. माजी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र मंडळ नेमावे. आणि दोषी संस्थांचा वाटा त्यांच्या मालमत्तेतून वसूल करावा. भरपाई म्हणजे शासनाची कृपा नव्हे. ते थकलेले ऋण आहे. ऋणको मुदत मोजीत बसला, म्हणून ऋण फिटत नाही.