विश्लेषण : अंघोळीला कढत, भांड्यांना गार… असे का? आणि प्रश्न नेमका कशाचा?

अहिल्यानगर जिल्ह्यातील बहुतेक घरांत अंघोळीला कढत पाणी लागतेच. भांडी मात्र गार पाण्यानेच घासली जातात. न्हाणीतला बंब जाऊन गिझर किंवा सोलर आला, तरी स्वयंपाकघराच्या सिंकला नळ एकच, गार पाण्याचा. युरोपात मात्र सिंकला गरम पाणी असतेच. हा फरक कशामुळे?

तेलाचा संबंध काय?

थंड हवेत लोणी आणि प्राण्यांची चरबी थिजते. ती सुटायला गरम पाणी लागते. आपल्याकडील शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल ही तेले साध्या तापमानालाही पातळ राहतात. शिवाय हाताशी चुलीची राख होती. राखेतील पोटॅशियम कार्बोनेटसारखे क्षार तेलकटपणा काढतात. हिवाळ्यात तूप थिजलेच, तर कढईत तांब्याभर गरम पाणी ओतले की भागते.

साचलेले की वाहते?

ब्रिटनमध्ये टबात गरम साबणपाणी भरून त्यातच भांडी धुण्याची पद्धत आहे. आपल्याकडे खरकट्या पाण्यात बुचकळलेले ताट स्वच्छ मानत नाहीत. वरून पाणी ओतून ते विसळावे लागते. पाणी हंड्याने आणावे लागे, तेव्हा हे ओतणे तांब्याने, मोजून होई. नळ आला आणि तांब्याचे माप गेले.

हिशेब काय सांगतो?

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. नळाची धार मिनिटाला ६ लिटर धरली आणि तो १० मिनिटे सुरू राहिला, तर ६० लिटर पाणी जाते. म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्यापेक्षा जास्त. उलट १० लिटर पाणी २० अंशांवरून हाताला सोसेल अशा ४५ अंशांवर न्यायला वीज लागते जेमतेम ०.३ युनिट.

मग उपाय काय?

पाथर्डी, पारनेर, संगमनेरचा पठार भाग इथे दुष्काळी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे पाणी गरम की गार यापेक्षा किती लिटर, हा प्रश्न मोठा. आधी खरकटे पुसणे, नळ बंद ठेवून घासणे आणि दोन बादल्यांत विसळणे, एवढ्याने बरेच पाणी वाचते. याच जिल्ह्यातील हिवरेबाजार गावाच्या पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडते. तसाच ताळेबंद आता घरच्या सिंकपाशीही मांडावा लागेल.