फडावरच्या वहीतला रिकामा रकाना

खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, आटोपत आली आहे. महिन्याभरात तेंदूची पाने तोडणीला येतील आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून माणसे अंधार असतानाच जंगलात शिरतील. आमचे बरेच वाचक या हंगामात कागदाच्या बाजूला बसलेले असतात. कोणी ठेकेदाराचे हिशेब लिहितो, कोणी ग्रामसभेचे, कोणी जंगल कामगार सहकारी संस्थेचा सचिव आहे, कोणी आरामशीन किंवा राईस मिलचे मस्टर आणि रिटर्न भरणारा सल्लागार. हा मजकूर त्यांच्यासाठी आहे, आणि पहिला पुडा मोजला जाण्याआधी त्यांच्या हाती पडावा म्हणून याच अंकात लिहितो आहोत.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्या महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात असे आणखीही बळी पडले. वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देते. ती मदत मिळायलाच हवी आणि वेळेत मिळायला हवी. पण ती वन्यप्राण्याच्या हल्ल्याबद्दलची मदत आहे. ती व्यक्ती त्या पहाटे कोणाच्या कामावर होती, हा प्रश्न तिथे विचारला जात नाही. झाडावरून पडून कंबर मोडली, सापाने दंश केला, मे महिन्याच्या उन्हात भोवळ येऊन कोणी परतलेच नाही, की मग मात्र तोच प्रश्न पहिला येतो. आणि त्याचे उत्तर देणारा कागद पाने मोजून घेण्याच्या बहुतेक फडांवर नसतो.

संध्याकाळी फडावर उभे राहून पाहा. पुडे शंभराच्या रांगेत मांडलेले असतात, एका पुड्यात सत्तर पाने. फडमुंशी रांगांमधून फिरत मोजतो, कच्चा किंवा भुरका पुडा बाजूला काढतो आणि आकडा वहीत चढवतो. मग तोच आकडा कार्डावर लिहितो. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणून आकडा चुकवून चालत नाही. ठेकेदाराचा, ग्रामसभेचा आणि मजुराचा हिशेब त्यावरच उभा असतो. या वहीइतकी काटेकोर वही आमच्या भागात क्वचित सापडते. पण तिचे रकाने वाचा. नाव, तारीख, पुडे, एकूण. वय नाही. वारस नाही. आणि नावाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी कुटुंबप्रमुखाचे, म्हणजे पुरुषाचे नाव असते. पाने तोडायला त्याची बायको जाते, सून जाते, म्हातारी आई जाते. चौघांनी तोडलेले पुडे एका नावावर चढतात. त्या सुनेला जंगलात काही झाले, तर ती कामावर होती हे सांगणारी एक ओळ कुठे नाही.

याचे परिणाम कोर्टात फार कठोर असतात. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा गेली शंभर वर्षे चालत आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यावर त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणाने घेतली आहे. हिशेबाचे सूत्र तेच आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर अर्ध्याऐवजी साठ टक्के. म्हणजे दोनच गोष्टी रक्कम ठरवतात, वय आणि मजुरी. आमच्या वह्यांत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात, किंवा असतात तेव्हा खोट्या असतात.

उदाहरण घेऊ. ३५ वर्षांच्या माणसाचा गुणक १९७.०६ आहे. त्याला महिन्याला खरोखर १२,००० रुपये मिळत असतील, तर मृत्यूनंतर वारसांना ११,८२,३६० रुपये मिळायला हवेत. मालकाने बोनस आणि भविष्यनिर्वाह निधीचा बोजा कमी दिसावा म्हणून वहीत ८,००० लिहिले असतील, तर तीच रक्कम ७,८८,२४० वर येते. जवळजवळ चार लाखांचा फरक, आणि तो विधवेच्या पदरातून जातो. आरामशीनवर अंगठा गेला तर कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरतात. याच माणसाच्या बाबतीत खऱ्या मजुरीवर सव्वाचार लाखांच्या वर रक्कम येते, खोट्या मजुरीवर पावणेतीन लाखांच्या थोडी पुढे. मजुरीचा रकाना भरताना आपण एखाद्याच्या अंगठ्याची किंमत लिहीत असतो, हे त्या क्षणी आपल्यापैकी कोणाच्याच मनात येत नाही. यायला हवे.

पुड्यावर मजुरी घेणाऱ्यांच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. महिनाभरही काम न झालेल्याची मासिक मजुरी काढायला त्याच कामावरच्या दुसऱ्या कोणाच्या कमाईचा आधार घेता येतो, तशी सोय कायद्यात आहे. पण चौघांचे पुडे एका नावावर असतील तर एकीची कमाई वेगळी कशी काढणार? म्हणून आमचे पहिले म्हणणे एवढेच आहे की कार्ड तोडणाऱ्याच्या नावाने निघावे. कुटुंबाचा एकत्र हिशेब हवा असेल तर कार्डाला एक कुटुंब क्रमांक द्यावा आणि त्याखाली प्रत्येकाची वेगळी ओळ ठेवावी. मुंशीचे काम थोडे वाढेल. वाढू द्यावे.

याच जंगलातल्या दुसऱ्या मालाकडे पाहा. इथले सागवान अयोध्येच्या राममंदिराला गेले, दिल्लीच्या नव्या संसद भवनाला गेले, आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. कूपातून, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या वनपट्ट्यातून, निघालेल्या प्रत्येक लठ्ठ्यावर हातोड्याचा शिक्का असतो, क्रमांक असतो. त्याची लांबी, घेर, घनमीटर वहीत असतात. वाहतूक परवान्याशिवाय तो बल्लारशाहच्या डेपोत पोचू शकत नाही. कूपातून डेपोपर्यंत लठ्ठ्याचा माग काढता येतो, पण तो पाडणाऱ्याच्या पायावर फांदी कोसळली तर त्या दिवशी तो कोणत्या मेटच्या हाताखाली होता हे महिन्याभरानंतर सांगता येत नाही. नोंद ठेवणे आम्हाला जमत नाही, असे यानंतर कोणी म्हणू नये.

यातला चंद्रपूर जिल्हा कोळशाचाही आहे. बल्लारपूर, माजरी, घुग्घुसच्या खाणींत जीवघेणा अपघात झाला तर खाण सुरक्षा महासंचालनालयाला तत्काळ कळवावे लागते आणि निरीक्षक येईपर्यंत किंवा ठराविक मुदत संपेपर्यंत जागा हलवता येत नाही, असा दंडक १९५२ च्या खाण कायद्याने घालून दिला. खाणीत सगळे आलबेल असते असे आम्ही म्हणत नाही. पण तिथे अपघात ही लिहायची गोष्ट आहे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. कूपात, फडावर, बांबूच्या कटाईत ती मिटवायची गोष्ट समजली जाते.

मिटवण्याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण आपल्या व्यवसायातली काही माणसे त्या कागदांचे मसुदे करतात. अपघातानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरच्यांना बोलावले जाते. मुद्रांकाच्या कागदावर ‘माझी कोणतीही तक्रार नाही, यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असे लिहून घेतात, काही रोख हातावर ठेवतात, खाली अंगठा घेतात. हा कागद कायद्यापुढे टिकत नाही. हक्क सोडून देणारा करार शून्य आहे, आणि मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या भरपाई आयुक्तांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याकडे, जमा केल्याशिवाय दिली असे धरलेच जात नाही. म्हणजे मालकाने रोख दिलेलेही बहुतांशी वाया जाते आणि मूळ देणे तसेच राहते. देणे वेळेत दिले नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. असा मसुदा करून देणारा सल्लागार दोघांचेही नुकसान करतो. तो करू नये, आणि कोणी मागितला तर नाही म्हणावे.

मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यावर सात दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याला अहवाल द्यायचा असतो. कामावर घेताना मजुराला भरपाईच्या हक्काची लेखी माहिती द्यायची असते, ती त्याला समजेल अशा भाषेत. हे बंधन २०१७ मध्ये आले आणि ते न पाळल्यास ५० हजारांपासून एक लाखापर्यंत दंड ठेवला गेला. कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेवर थांबतो. भामरागड-एटापल्लीच्या माडिया बाईला मराठी कागद देऊन नियम पाळला जाईल, पण तिला काही कळणार नाही. गोंडी किंवा माडियात तो वाचून दाखवणारा माणूस प्रत्येक गावात आहे. त्याला बोलवा, आणि वाचून दाखवल्याची नोंद साक्षीदारासह ठेवा.

‘आमचे लोक हंगामी आहेत, त्यांना हा कायदा लागत नाही’ हे वाक्य आम्ही अजूनही ऐकतो. नैमित्तिक, म्हणजे तात्पुरत्या, कामगाराला वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीने गेले. शेती आणि वनातील कामे अनुसूचीत १९९५ पासून आहेत. कारखान्यासारखी किमान कामगारसंख्येची अटही इथे नाही. एकच माणूस कामावर असला तरी देणे लागते.

नव्या संहितेत आणखी एक गोष्ट आली आहे आणि आमच्या भागासाठी ती फार मोलाची आहे. घरापासून कामापर्यंत जाता-येता झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचाच अपघात मानला जाईल. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या स्त्रियांचा बुडून मृत्यू झाला. दरवर्षी मिरचीसाठी तेलंगणात जाणाऱ्यांच्या गाड्याही आपण पाहतो, एका पिकअपमध्ये दाटीवाटीने उभी असलेली माणसे. आता संबंध दाखवायचा म्हणजे काय, तर कोणी बोलावले, कोणत्या शेतावर, किती मजुरीवर, गाडी किंवा नाव कोणी ठरवली. मुकादमाच्या मोबाइलमधल्या नावांच्या यादीलाही यात वजन येईल. ती यादी निघण्याआधी ग्रामपंचायतीत देण्याची पद्धत गावांनी पाडावी असे आम्हाला वाटते.

कागद कमी करण्याच्या मोहिमेबद्दलही एक शब्द. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने आपल्या नऊ कायद्यांखालच्या ५६ नोंदवह्या आणि नमुने पाचवर आणले. त्याचे आम्ही स्वागत केले होते आणि आजही करतो. एकच माहिती सात ठिकाणी लिहून मजुराचे भले होत नाही. पण ते पाच नमुने कामगार, मजुरी, कर्ज-वसुली, हजेरी आणि रजा यांचे आहेत. अपघाताची नोंदवही त्यांत नाही, ती वेगळीच ठेवावी लागते, आणि ‘आता पाचच’ हे ऐकून अनेकांनी ती कपाटात टाकली. व्यावसायिक सुरक्षा संहितेखालीही मृत्यू किंवा ४८ तास कामावर येता न येण्याइतकी इजा झाली की सूचना द्यायचीच आहे. नवे नियम येईपर्यंत जुने नियम आणि नमुने चालू राहतील असे केंद्राने सांगितले आहे. संक्रमणाचे कारण देऊन कोणी वही बंद ठेवू नये. वर्षानुवर्षे ‘निरंक’ लिहिलेली आरामशीनची नोंदवही निरीक्षकाने संशयाने पाहावी. करवतीच्या पात्याशेजारी वर्षभर काम चालते आणि एकाचेही बोट कापत नाही, हे आपल्यापैकी कोणी मानेल का?

राहिला ग्रामसभांचा प्रश्न, आणि तो खरा अवघड आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि त्यानंतर गडचिरोलीत गावेच्या गावे आपला तेंदू स्वतः विकू लागली. हे मोठे काम आहे. पण अपघात झाला की ठेकेदार म्हणतो, मी ग्रामसभेकडून पाने घेतो, मजूर माझे नाहीत. ग्रामसभेकडे भरपाईइतका निधी नसतो. आमचे मत असे: मुंशी ठेकेदाराचा असेल, पुडा घ्यायचा की नाकारायचा हे तो ठरवत असेल, मजुरी त्याच्या पैशातून जात असेल, तर मालक तो आहे, करारनाम्यात काहीही लिहिलेले असो. जिथे ग्रामसभा स्वतः तोडणी करवून, सुकवून, गोण्या भरून माल विकते, तिथे सदस्य मालक आहेत आणि त्यांना गट अपघात विम्याखेरीज दुसरे संरक्षण नाही. विम्याचा हप्ता प्रति गोणी दरातच धरावा आणि लिलावाआधी ठरावात लिहावा. लिलाव झाल्यावर तो कोणी देत नाही.

कार्ड, फडावरची वही आणि करारनाम्यातले अपघाताचे कलम यांचे मराठी नमुने याच अंकात छापले आहेत. कलमात मजुरांची नावे, वय आणि वारसांची यादी करारनाम्याला जोडण्याची अट आहे. तेवढी एक अट ठेकेदार गाळायला सांगेल. ती गाळू नका. नमुन्यात दुरुस्ती सुचवायची असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळवा, म्हणजे तोडणी सुरू होण्याआधी सुधारित प्रती तालुक्यांना पाठवता येतील.