कोणत्या वयाला कोणते कारण

तंबाखू घातक आहे हे महाराष्ट्रात आता कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या 95 टक्क्यांहून अधिक लोकांनी खाण्याच्या तंबाखूने गंभीर आजार होतात हे मान्य केले होते. त्याच सर्वेक्षणात राज्यातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. त्यांतले बहुतेक विडी-सिगारेट ओढणारे नव्हते, तंबाखू मळून खाणारे किंवा मिश्री लावणारे होते. माहिती आहे आणि सवयही आहे. तरी दर 31 मे रोजी आपण पुन्हा माहितीच वाटतो. पुडीवर तोच सडलेला जबडा, पडद्यावर तीच जाहिरात, शाळेच्या मैदानावर तीच शपथ. सतरा वर्षांचा मुलगा, गरोदर सून आणि पासष्टीचे आजोबा या तिघांनाही एकच भीती घातली जाते. ती तिघांना सारखी लागू पडत नाही, हे मात्र आपण लक्षात घेत नाही.

चित्रपटगृहातल्या जाहिरातीतला मुकेश अवघ्या 24 वर्षांचा होता. तरीही कॉलेजातल्या पोराला तो आपल्यातला वाटत नाही. कॅन्सर हा मोठ्यांचा आजार, आणि आपण मोठे व्हायला अजून अवकाश आहे, असा त्याचा हिशेब असतो. या वयाला आजची गोष्ट सांगावी लागते. विदर्भातल्या खर्ऱ्यात आणि नगरकडच्या माव्यात तंबाखूइतकीच सुपारी घातक असते. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठरते, मिसळ खाताना तोंडाची आग होऊ लागते आणि पुढे तोंड उघडेनासे होते. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर डॉक्टर गाठावा. विशी-बाविशीतली पोरे याच तक्रारीने दंतवैद्याकडे येतात. खाणे थांबवले तर आजार तिथेच रोखता येतो, पण ताठरलेले तोंड बहुधा पूर्वीसारखे होत नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर 1600 मीटर पळणाऱ्याला सिगारेटने दम लागतो हेही सांगून पाहावे. त्याला कॅन्सरपेक्षा भरतीची तारीख जवळची असते.

बायकांच्या तंबाखूकडे तर आपले लक्षच जात नाही. तव्यावर भाजून कुटलेली मिश्री सकाळी दातांना लावायची, ही घरात सासूकडून सुनेकडे आलेली रीत. दाढ दुखते म्हणून सुरू होते किंवा पोट साफ व्हावे म्हणून, आणि मग दिवसातून चार वेळा लावली जाते. ‘तंबाखू खाता का?’ असे नर्सने विचारले तर ती बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ती फक्त दात घासते. मुंबईत 1217 गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे 17 टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू घेत होत्या, तीही मुख्यतः मिश्री. त्यांच्या बाळांचे वजन इतरांच्या तुलनेत सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. जिथे बाळे आधीच हलकी जन्मतात, तिथे हा फरक लहान नाही.

बाळासाठी मिश्री सोडायला तयार होणाऱ्या बायका पुष्कळ असतात. अडचण बाळंतपणानंतर येते. कारण पोटातल्या जिवाचे होते. तो बाहेर आला की कारण संपते आणि डबी पुन्हा निघते. शिवाय घरात सासू मिश्री भाजतेच आहे आणि नवरा तिच्यासमोरच चुना मळतो आहे. अशा घरात सगळी जबाबदारी एकट्या सुनेवर टाकणे अन्यायाचे आहे. आशा कार्यकर्तीने उंबऱ्याच्या आत आल्यावर नवऱ्याशी आणि सासूशीही बोलायला हवे.

भीती खरी काम करते ती चाळिशी-पन्नाशीत, कारण तेव्हा तिला ओळखीचा चेहरा मिळतो. शरद पवार यांनी तोंडाच्या कॅन्सरवर 2004 मध्ये शस्त्रक्रिया करून घेतली आणि आपल्या सवयीची खंत पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. आर. आर. पाटील 2015 मध्ये याच आजाराने गेले तेव्हा ते जेमतेम 57 वर्षांचे होते. गावात असा एखादा भाऊबंद गेला की दहाव्यालाच चार जण तंबाखू सोडतात. त्यांतले तिघे महिन्याभरात पुन्हा बार भरताना दिसतात. पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. चिडचिड होते, झोप उडते, चहानंतर हात आपोआप खिशाकडे जातो. तलफ साधारण तीन-चार आठवड्यांत उतरते, पण भीती त्याआधीच ओसरलेली असते. ऊसतोडीच्या फडात तर तंबाखूने भूक मारली जाते. तिथे वेळेवर भाकरी मिळाल्याशिवाय समुपदेशनाला अर्थ नाही. सोडायचे ठरवणे आणि सोडलेले टिकवणे ही दोन कामे आहेत. दुसऱ्यासाठी निकोटीनचे च्युइंगम, 1800-11-2356 हा निःशुल्क क्रमांक आणि घरातल्या माणसांचा धीर लागतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण टपरीवर पानमसाला आणि तंबाखूच्या पुड्या शेजारी शेजारी लटकत असतात, हेही सोडू पाहणाऱ्याच्या वाटेतच येते.

आणि म्हातारपण? ‘गोवऱ्या मसणात गेल्या, आता सोडून काय मिळणार?’ असे आजोबा म्हणतात. वाईट याचे वाटते की कधी कधी डॉक्टरही मान डोलावतात. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा 1951 पासून पन्नास वर्षे पाठपुरावा करून रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलेला हिशेब वेगळे सांगतो. सिगारेट साठाव्या वर्षी सोडली तरी सुमारे तीन वर्षांचे आयुष्य पदरात पडते. पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत दहा. हे आकडे धूम्रपानाचे आहेत, चघळण्याला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण ‘आता उशीर झाला’ ही समजूत खोटी पाडायला ते पुरेसे आहेत. अर्थात पासष्टीच्या माणसाला तीन वर्षांपेक्षा पारावरची बैठक मोलाची वाटू शकते. तिथे चंची फिरते, एकाने मळायची आणि दुसऱ्याच्या तळहातावर ठेवायची. तंबाखू सोडली की ही सोबतही तुटेल, ही धास्ती खरी आहे. पारावर सगळ्यांनी मिळून सोडायचे ठरवले तर एकट्याने सोडण्यापेक्षा सोपे जाते. नातू ‘वास येतो’ म्हणत मांडीवरून उठून जातो, हे कारणही या वयात मोठे असते. गुडघ्याच्या किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, तर चार आठवडे आधी विडी-सिगारेट सोडल्याने जखम भरायला मदत होते.

गरोदरपणाची नोंदणी, क्षयरोगाच्या उपचाराची सुरुवात, दाढ काढणे, शस्त्रक्रियेची तयारी अशा वेळी माणूस आपणहून सरकारी दवाखान्यात आलेला असतो आणि ऐकायच्या मनःस्थितीत असतो. तिथे खर्रा, मावा, मिश्री, विडी अशी नावे घेऊन विचारायला हवे. सोडायची इच्छा असेल तर तिचे कारण रुग्णाच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टर बदलला तरी बोलणे तिथूनच सुरू करता येईल.