नगरसेवकाची नीती आणि करदात्याची तक्रार

अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन्ही महानगरपालिकांचा कारभार मार्च २०२२ पासून प्रशासकांच्या हाती होता. सुमारे पावणेचार वर्षांच्या खंडानंतर जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि अमरावतीत ८७ व अकोल्यात ८० लोकनियुक्त सदस्यांची सभागृहे पुन्हा उभी राहिली. ही समाधानाची गोष्ट आहे. प्रशासक कितीही कार्यक्षम असला, तरी तुंबलेल्या नालीपाशी उभे करून त्याला जाब विचारता येत नाही. नगरसेवकाला तो विचारता येतो, निदान यावा अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी करणारी व्यवस्था आपल्याकडे आहे काय, हा आजचा प्रश्न आहे.

कायद्यात नीतीचे नियमच नाहीत, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा १९४९ चा कायदा आहे. त्याच्या दहाव्या कलमानुसार महापालिकेच्या ठेक्यात किंवा नोकरीत स्वतःचा अथवा भागीदाराचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती नगरसेवकपदास अपात्र ठरते. नगरसेवकाने, त्याच्या पती वा पत्नीने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केले, तर त्यालाही अपात्रतेची शिक्षा आहे. कर्तव्यात गैरवर्तन करणाऱ्या किंवा लाजिरवाणे वर्तन करणाऱ्या सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार तेराव्या कलमाने राज्य सरकारला दिला आहे. अचलपूर, अकोट यांसारख्या नगरपरिषदांसाठी १९६५ च्या कायद्यात अशाच तरतुदी आहेत.

नियम आहेत, पण ते अमलात आणण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे? निवडून आलेल्या सदस्याच्या पात्रतेला सामान्य मतदार न्यायाधीशांपुढे आव्हान देऊ शकतो, पण निकाल जाहीर झाल्यापासून केवळ दहा दिवसांत. त्यानंतर एखाद्या नगरसेवकाने ठेक्यात वाटा घेतला, तर तो अपात्र झाला की नाही हा वाद न्यायाधीशांकडे पाठविण्याचा अधिकार बाराव्या कलमाने त्या नगरसेवकाला, अन्य नगरसेवकाला किंवा आयुक्ताला दिला आहे. सामान्य करदात्याचे नाव त्या यादीत नाही. म्हणजे मतदाराचा अधिकार दहा दिवसांचा आणि नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची! नगरपरिषदेच्या हद्दीत असा प्रश्न जिल्हाधिकारी ठरवितात, त्यामुळे अकोटच्या नागरिकाला निदान एक दार ठोठावता येते. अकोल्याच्या नागरिकाने मात्र आयुक्ताची किंवा विरोधी नगरसेवकाची मनधरणी करावी, अशी ही विचित्र स्थिती आहे. आणि सभागृहातील दोन्ही बाजूंचे ठेकेदारांशी सूत जमलेले असेल, तर ती मनधरणीही व्यर्थ जाते.

दुसरी अडचण नातेवाइकांची आहे. ठेका नगरसेवकाच्या नावावर क्वचितच असतो. तो मेहुण्याच्या, भाच्याच्या किंवा विश्वासू कार्यकर्त्याच्या नावावर असतो. या संदर्भात वऱ्हाडात एके काळी लागू असलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायद्याखालील एका खटल्याची आठवण उपयुक्त ठरेल. उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेत नोकरीला होता आणि बापलेक एकत्र राहत होते. एवढ्यावरून बापाची उमेदवारी बाद ठरावी काय, हा प्रश्न १९६०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ नाते असणे पुरेसे नाही, हितसंबंध सिद्ध झाला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. मुलाने कष्टाने मिळविलेल्या चतुर्थश्रेणीच्या नोकरीपायी बापाचा लोकशाही हक्क हिरावला जाऊ नये. पण याचा दुसरा अर्थ असा की, मेहुण्याच्या नावामागे दडलेला हितसंबंध सिद्ध करण्याचे ओझे तक्रार करणाऱ्यावर पडते आणि ज्या कागदांनी तो सिद्ध व्हावा ते कागद त्याच्याजवळ नसतात.

म्हणून आमचे म्हणणे असे की, बंदीचे जाळे वाढवीत नेण्यापेक्षा उघडपणाची सक्ती करावी. प्रत्येक नगरसेवकाने स्वतःचे, पती वा पत्नीचे आणि जवळच्या नातलगांचे व्यवसाय, जमिनी व महापालिकेशी असलेले व्यवहार एका नोंदवहीत दरवर्षी नोंदवावेत आणि ती वही कोणालाही पाहता यावी. ही कल्पना अद्भुत नाही. राज्यसभेने १९९७ साली आचारनीती समिती नेमली आणि सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवहीही ठेवली. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने नगरसेवकाला निवडीनंतर २८ दिवसांत स्वतःचे व जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात आणि सबळ कारण नसता ते न करणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. दिल्लीच्या खासदाराला जे बंधन चालते, ते राजकमल चौकातील नगरसेवकाला जाचक का वाटावे?

तक्रारीच्या निवाड्यासाठीही सभागृहाबाहेरची स्वतंत्र यंत्रणा हवी. केरळने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी २००० सालापासून स्वतंत्र लोकपाल नेमला आहे. लोकप्रतिनिधी आणि कर्मचारी या दोघांविरुद्धही सामान्य नागरिक त्याच्याकडे तक्रार नेऊ शकतो. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली अशीच शिफारस केली होती. लोकायुक्त ही संस्था १९७२ साली देशात प्रथम प्रत्यक्षात आणणाऱ्या महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहावे, हे शोभत नाही.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे, असा याचा अर्थ नाही. आज उपलब्ध असलेली साधने कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजेत. पहिले साधन माहितीच्या अधिकाराचे. प्रभागातील रस्त्याचे अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक यांच्या प्रती दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात. माहिती तीस दिवसांत मिळाली नाही, तर प्रथम अपील आणि त्यापुढे राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. दुसरे साधन लेखी तक्रारीचे. ती आयुक्तांकडे द्यावी, प्रती विभागीय आयुक्त व नगरविकास विभागाला पाठवाव्यात आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिनही त्यासाठी वापरावा.

लाचेची मागणी झाली, तर मार्ग वेगळा आहे. नगरसेवक हा भारतीय दंडसंहितेच्या व्याख्येप्रमाणे लोकसेवक नाही, असा निर्णय १९८५ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात झाला होता आणि त्याचा आडोसा पुष्कळांनी घेतला. पण १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली नगरसेवक लोकसेवकच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा पैसे देण्यापूर्वीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या अमरावती परिक्षेत्राकडे किंवा १०६४ या क्रमांकावर तक्रार करावी. नाइलाजाने पैसे द्यावेच लागले असतील, तर सात दिवसांच्या आत कळवावे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याच्यावर सक्ती झाली आणि ज्याने मुदतीत कळविले, त्यालाच संरक्षण आहे.

तक्रार करताना पथ्येही पाळली पाहिजेत. ऐकीव गोष्ट लिहू नये. जेवढे कागद बोलतात तेवढेच आपण बोलावे. पराभूत उमेदवाराचा सूड उगविण्यासाठी आपली सही वापरू देऊ नये. आणि गरीब वस्तीतील एकट्यादुकट्या माणसाला तक्रारदार म्हणून पुढे करून आपण मागे राहू नये. ज्याचे घर अतिक्रमणात दाखविले जाऊ शकते, ज्याच्या हातगाडीचा परवाना अडविला जाऊ शकतो, त्याच्या नावाशेजारी दहा कार्यकर्त्यांच्या सह्या असल्या पाहिजेत. खरा प्रश्न कायद्याच्या कलमाइतकाच या भीतीचा आहे. एकट्या माणसाचा अर्ज दडपला जातो, पण मोहल्ल्याने एकत्र दिलेला अर्ज दडपणे तितके सोपे नसते.

शेवटी, एक गोष्ट स्वतःच्या घराबद्दल. हितसंबंधांच्या नोंदवहीसाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या विचारांचे जे नगरसेवक वऱ्हाडातील कोणत्याही सभागृहात असतील, त्यांनी आपला तपशील पुढील प्रभागसभेत स्वतःहून वाचून दाखवावा आणि दर सहा महिन्यांनी मतदारांपुढे उभे राहून प्रश्नांना उत्तरे द्यावीत. संत गाडगेबाबांनी या भूमीत गावाच्या सफाईला स्वतःच्या हातातील खराट्याने आरंभ केला. सार्वजनिक जीवनाच्या सफाईचा आरंभही दुसऱ्याच्या अंगणातून करता येत नाही. आपला तपशील ज्याने उघड केला आहे, त्यालाच इतरांकडे तो मागण्याचा नैतिक अधिकार पोचतो.